वाट कोणाची, पाणी कोणाचं?

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली, की देहूरोड मागे पडताच डोंगर जवळ येऊ लागतात. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्थानकं येत जातात आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पसरत जातात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. कोणाला भुशी धरण गाठायचं असतं, कोणाला लोहगड, तर कोणाला नुसतंच धुक्यात फिरून चिक्कीचे दोन खोके घेऊन परतायचं असतं. मावळात यायला ही सगळी कारणं पुरेशी आहेत. मी मात्र या खेपेला वेगळी यादी घेऊन निघालो होतो. या खोऱ्यांतल्या माणसांनी जिथे जिथे कोणाला तरी अडवलं, त्या जागा मला सलग पाहायच्या होत्या. कधी त्यांनी परकी फौज अडवली, कधी धरण बांधणारी कंपनी, तर कधी आपलंच सरकार.

पुस्तकांत या घटना एकमेकींना भेटत नाहीत. दोन राज्यांमधली लढाई एका प्रकरणात असते, इंग्रजांविरुद्धचे उठाव दुसऱ्या प्रकरणात, आणि धरणग्रस्तांचं आंदोलन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. मावळात मात्र त्या चार-सहा कोसांच्या टप्प्यात शेजारीशेजारी उभ्या आहेत. मुलूख कोणाचा, हा राजांमधला वाद आणि आमच्या शेताचं काय, हा गावाचा सवाल यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेली खोरी. जुन्या कागदांत बारा मावळांचा उल्लेख येतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही त्यांतली तीन आजच्या मावळ तालुक्यात आहेत. कोकणातल्या बंदरांतून देशावर चढायचं तर बोरघाट किंवा त्याच्या शेजारची कुरवंड्याची वाट, असा पूर्वीचा प्रघात. ज्याला दख्खनवर राज्य करायचं त्याला ही वाट ताब्यात ठेवावीच लागे. दुसरीकडे लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तीस-चाळीस मैल पूर्वेला गेलं की पाण्यासाठी आभाळाकडे बघावं लागतं. वाट आणि पाणी या दोन गोष्टींमुळे मावळ कायम कोणाच्या ना कोणाच्या नजरेत राहिलं.

वडगाव मावळला उतरलो. तालुक्याचं हे ठिकाण. तहसील, न्यायालय, भात संशोधन केंद्र असं सगळं इथेच आहे. घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ याच केंद्रात तयार झाला. इथल्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. ठाण्यात विचारलं तर हातानंच दिशा दाखवतात, इतकी ती त्यांच्या सवयीची झाली आहे. हा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेनं तो पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाचं मराठ्यांना कौतुक वाटलं आणि त्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिलं.

लढाईचं कारण पुण्याची गादी होती. रघुनाथराव पेशवेपदासाठी मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि त्यांना गादीवर बसवायला कंपनीची फौज बोरघाट चढून आली. महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांनी समोरासमोरची मोठी झुंज टाळली. वाटेवरची गावं उठवली, वैरण-दाणा जाळला आणि फौजेला आत येऊ दिलं. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव रिकामं होतं. ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून त्यांनी माघार घेतली, पण वडगावपाशी मराठ्यांनी त्यांना घेरलं. १७७३ पासून मुंबईकरांनी घेतलेला सगळा मुलूख परत करण्याचा करार त्यांना इथे करावा लागला. वॉरन हेस्टिंग्जनं तो नाकारला, लढाई पुढे चालू राहिली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तरीही वडगावचा विजय मोठा होता. १७८१ मध्ये इंग्रज पुन्हा हा घाट चढले, पण पुण्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत.

महामार्गालगतचं महादजींचं स्मारक पाहताना माझ्या मनात जळालेल्या वैरणीचा विचार होता. दरबाराच्या दृष्टीनं ती एक युक्ती होती. पण ती गंजी कोणाच्या तरी खळ्यातली होती आणि त्या कणग्या कोणाच्या तरी घरातल्या होत्या. जानेवारीत, सुगी नुकतीच आवरलेली असताना, मावळातल्या कुणब्यानं वर्षाचं धान्य मागे टाकून रान गाठलं. सार्वभौमत्वाचा निकाल तोफांनी लागला असं आपण म्हणतो. वडगावात तो बऱ्याच अंशी रिकाम्या गावांनी लावला. खोरं ज्याच्या बाजूला उभं राहतं, त्यालाच घाट राखता येतो. हे महादजींना ठाऊक होतं, कारण त्यांच्या आधी शंभर वर्षं शिवाजी महाराजांनी ते याच डोंगरांत दाखवून दिलं होतं.

वडगावहून कामशेतकडे गेलं की पवनानगरच्या रस्त्यावर बऊर लागतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग इथून जातो. भरधाव गाड्यांच्या आवाजात शेजारच्या खाचरांत लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात रोपांच्या मुठी. पूर्वी इथे पानांची इरली असत, आता खताच्या पिशव्यांच्या खोळी आल्या आहेत. रोप मातीत खोचताना अंगठा आणि दोन बोटं एकदाच खाली जातात, पाऊल मागे सरकतं आणि समोर हिरवी रांग उभी राहते. ही शेती पावसाळ्यात पावसावर आणि बाकीच्या काळात नदीच्या उपशावर चालते.

९ ऑगस्ट २०११ ला याच ठिकाणी शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग रोखला होता. पवना धरणापासून थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची महापालिकेची योजना होती. त्याआधीपासून धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे उचललं जातं. महापालिकेचं म्हणणं असं, की वाटेत पाणी वाया जातं, दूषित होतं, म्हणून ते नळातून आणावं. शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की पाणी नळात गेलं तर नदी कोरडी पडेल, काठावरच्या उपसा मोटारी बंद पडतील आणि जलवाहिनीसाठी पुन्हा जमीन जाईल. पुन्हा हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण यांतल्या अनेक घरांची जमीन आधी धरणात गेलेली होती. त्या दिवशी दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि मग पोलिसांनी गोळीबार केला. एक स्त्री आणि दोन पुरुष मरण पावले, अनेक जण जखमी झाले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं अडलं. दरवर्षी ९ ऑगस्टला बऊरला लोक जमतात आणि त्या तिघांना अभिवादन करतात. १९४२ च्या लढ्यामुळे हा दिवस आधीच क्रांतिदिन होता. मावळात त्याला दुसरा अर्थ जोडला गेला.

बांधावर बसलेल्या एका आजोबांशी बोललो. राम राम झाल्यावर मी चिंचवडचा आहे हे सांगून टाकलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ‘‘तुम्हाला पाणी नको असं आम्ही कधी म्हणलो नाही दादा,’’ ते म्हणाले. ‘‘पण मोजणीवाला आला तवा कळलं. आधी कुणी विचारलं नाही.’’

वडगाव आणि बऊर या दोन जागांमध्ये जेमतेम काही किलोमीटरचं अंतर आहे. त्यांच्यातला फरकही स्पष्ट ठेवला पाहिजे. १७७९ मध्ये दोन सत्ता एकाच मुलखावर हक्क सांगत होत्या. २०११ मध्ये कोणी कोणाच्या राज्यावर हक्क सांगत नव्हतं. बऊरचे शेतकरी आपल्याच मतांनी निवडून आलेल्या सरकारकडे गाऱ्हाणं घेऊन रस्त्यावर उतरले होते. स्थानिक आंदोलनाकडे राज्याला आव्हान म्हणून पाहण्याची चूक इथूनच सुरू होते, आणि ती झाली की समजुतीच्या जागी बंदूक येते.

मळवलीहून कार्ल्याच्या पायऱ्या चढताना कोळी-आगरी बांधवांची गर्दी भेटते. आई एकवीरा ही त्यांची कुलस्वामिनी, म्हणून ठाणे-रायगडकडची कुटुंबं घाट चढून इथे येतात. देवळाच्या मागेच भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह आहे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे आणि लाकडी कमानी आजही छताला आहेत. पाहुणे आत जातात, पण दर्शनी भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांपाशी थांबणारे थोडे. त्यातल्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं वलुरकच्या भिक्षुसंघाला करजिक नावाचं गाव दिल्याची नोंद आहे. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांना हुसकावलं. मग दुसऱ्या लेखात सातवाहन राजाचा हुकूम येतो. तो मामाळच्या अमात्याला उद्देशून आहे, आणि त्यात तेच करजिक गाव त्याच संघाला दिलं आहे. मामाळ म्हणजे आपलं मावळ.

मला हा लेख फार मोलाचा वाटतो. राज्य बदललं की नव्या राजानं सर्वांत आधी काय केलं, तर जुन्या राजानं दिलेला हक्क आपल्या नावानं पुन्हा मान्य केला. सीमेवरच्या खोऱ्यात सत्ता अशीच मुरते. जुने करार मोडले तर डोंगरातली माणसं नव्या राजाला आपला मानत नाहीत. पण करजिकच्या कुणब्यांना विचारून गाव दान दिलं होतं का, हे दोन्ही लेखांच्या विषयातच बसत नाही. दिलेला हक्क वरून खाली आला, आणि खालून वर जायची वाट तेव्हा नव्हती.

मळवलीच्या दुसऱ्या अंगाला भाजे गाव ओलांडून लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले आहेत. लोहगडाचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकापाठोपाठ येतात. पावसात पायऱ्यांवरून ओहोळ वाहतो आणि दगड शेवाळानं निसरडे होतात. गणेश दरवाज्याच्या बांधणीच्या वेळी लोहगडवाडीच्या एका घराण्यानं नरबळी दिला आणि त्याबदल्यात त्याला गावची पाटीलकी मिळाली, अशी कथा इथे सांगतात. कथा खरी असो-नसो, तिच्यातला हिशोब गावाच्या मनातला आहे. किल्ला राजाचा असला तरी त्याच्या पायात आमचं माणूस आहे, म्हणून आमचाही त्यावर हक्क आहे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे पवन मावळचे चारही किल्ले होते. १६७० मध्ये लोहगड परत स्वराज्यात आला. पुढे नाना फडणवीसांनी इथे मोठी बाव बांधली. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांच्या फौजेनं विसापूर घेतला आणि लोहगडही पडला. विसापूरच्या दोन्ही वाटांवरचे दरवाजे त्यांनी सुरुंग लावून उडवले. आजही विसापूरला नीट दरवाजा नाही, वर जायचं तर पाण्याच्या वाटेनं दगड-धोंड्यांतून चढावं लागतं. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगड आहे. तेव्हापासून पायथ्याला गाड्यांची रांग आणखी लांबली आहे.

किल्ला पडला म्हणजे फक्त निशाण बदललं असं होत नाही. गडावर चौक्या-पहाऱ्यावर असलेल्या कोळी, रामोशी, मावळ्यांची वेतनं आणि हक्क त्याबरोबर बुडाले. घाटाच्या वाटा राखण्याचं पिढीजात काम गेलं, नाईकांचा मान गेला, आणि गावात सावकाराचा जोर वाढला. इंग्रजांविरुद्ध सह्याद्रीत झालेल्या पहिल्या उठावांची मुळं इथे आहेत. पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईकांनी रामोशांना एकत्र केलं. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. उत्तरेकडे अकोले-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळ्यांनी १८२८ पासून बंड केलं, आणि १८४० च्या दशकात राघोजी भांगरे यांनी सावकार आणि सरकार या दोघांनाही हैराण केलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. सुरुवातीला बुडालेलं वेतन आणि सावकारानं लिहून घेतलेली जमीन, एवढंच गाऱ्हाणं होतं. त्याला दाद मिळाली नाही, तेव्हा उमाजींनी सरकारला सारा देऊ नका असं फर्मान काढलं. स्थानिक तक्रार प्रादेशिक उठावात कधी बदलते, याचं उत्तर या दोन नाईकांच्या आयुष्यात मिळतं. दाद मागायचं दारच बंद झालं, तेव्हा त्यांनी राज्यावर हक्क सांगितला.

लोहगडाच्या विंचूकाट्यावरून पाऊस थोडा उघडला की खाली पवनेचं धरण दिसतं. पलीकडे तुंग आणि तिकोना. या जलाशयाच्या काठी आता तंबूंची वस्ती झाली आहे. शहरातली मंडळी शनिवारी रात्री इथे शेकोटी पेटवतात. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं, आणि त्याखाली गेलेल्या गावांचं पुनर्वसन आजही पुरं झालेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. चिखल वाळलेल्या आवारात लोक जाऊन दर्शन घेतात आणि पाऊस लागला की देऊळ पुन्हा पाण्यात जातं.

पवनेच्या काठावर उभं राहिलं की मला वेल्समधल्या ट्रायवेरिन खोऱ्याची आठवण होते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, म्हणून १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा केला आणि कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव बुडवण्याची परवानगी दिली. वेल्सच्या एकाही खासदारानं त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नाही, तरी तो मंजूर झाला. १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन निदर्शनांच्या गोंधळातच उरकावं लागलं. पुढच्याच वर्षी वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला. गाव लहान होतं, पण वेल्सचं काहीच चालत नाही ही गोष्ट त्या पाण्यामुळे सगळ्या देशाला दिसली. वेल्सला पुढे स्वतःचं विधिमंडळ मिळालं, त्या वाटेवर ट्रायवेरिन हा मोठा टप्पा मानला जातो. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगर परिषदेनं माफी मागितली. शहराला पाणी मिळालं, पण त्यासाठी एका लोकसमूहाचा विश्वास गेला.

लोणावळ्यात शिरताना वळवणचं धरण लागतं. लोणावळा, वळवण, शिरवटा हे तलाव गावाचं सौंदर्य म्हणून दाखवले जातात, पण ते विजेसाठी बांधले गेले. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे पाणी आपल्या वाटेनं पूर्वेला जातं, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. जमशेटजी टाटांची कल्पना अशी, की ते अडवून पश्चिमेला वळवायचं आणि कड्यावरून पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडायचं. १९११ मध्ये कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. पाठोपाठ १९२२ मध्ये आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण आलं. भारताच्या उद्योगाच्या इतिहासात ही कामं अभिमानाची आहेत, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण या तलावांच्या तळाशीही खाचरं होती. शिवाय पूर्वेचं पाणी पश्चिमेला नेण्याचा परिणाम पुढे राज्यांच्या सीमांवर झाला. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपात महाराष्ट्र आणि खालची राज्यं भांडतात, तेव्हा घाटावरून पश्चिमेला वळवलेल्या या पाण्याचाही हिशोब मांडला जातो. एका खोऱ्यात घेतलेला निर्णय असा शंभर वर्षांनीही शेकडो मैलांवरच्या वादात निघतो.

लोणावळ्याच्या टोकाला कुरवंडे गाव आणि नागफणीचा सुळका आहे. वाटेत नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था लागते. समुद्रापासून दूर डोंगरात १९४५ पासून इथे नौदलाचे अभियंते घडतात. नागफणीवरून खाली पाहिलं तर दाट रानाचा उतार कोकणात जातो. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन याच वाटेनं उतरला. खाली उंबरखिंडीत चावणी गावाजवळ मावळ्यांनी त्याच्या पुढची आणि मागची वाट एकाच वेळी बंद केली. तहानेनं कासावीस झालेल्या फौजेला शरण जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. खंडणी देऊन आणि सामान टाकून खान जीव घेऊन परतला. संख्येनं कितीतरी लहान असलेल्या सैन्याला हे साधलं, कारण झरा कुठे आहे आणि रान कुठे संपतं हे त्यांना माहीत होतं.

जुन्या महामार्गानं बोरघाट उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले इथे वेग कमी करतात, हात जोडतात, काही जण नाणं टाकतात. शिंग्रोबा हा इथला धनगर. घाटातली लोहमार्गाची वाट त्यानं इंग्रजांना दाखवली, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा आहे. दप्तरांत तिचा पुरावा शोधण्यापेक्षा ती इतकी वर्षं का टिकली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पायाखालची वाट ज्याला माहीत, त्याच्यावाचून घाट फुटत नाही, आणि काम झाल्यावर त्याचं कोणी ऐकत नाही, हा अनुभव लोकांनी एका माणसाच्या नावानं जपला. लोहमार्गाच्या कामाचा लिखित इतिहासही फार वेगळा नाही. हजारो मजूर कॉलरा आणि अपघातांत मेले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी बंड केलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली.

खोपोलीपासून मुंबईकडे गेलेल्या विजेच्या मनोऱ्यांचीही एक गोष्ट आहे. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांनी आझाद दस्ता उभारला आणि कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यात हे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तीस वर्षांपूर्वी खोऱ्यांतून नेलेली वीज सत्तेची नस आहे, हे त्या तरुणांनी ओळखलं होतं.

घाट चढून परत आलो आणि लोणावळ्याहून आंबवण्याच्या रस्त्यानं ताम्हिणीकडे निघालो. कोरीगड मागे पडतो, वस्ती विरळ होते आणि शेवटी मुळशीचा विस्तीर्ण जलाशय समोर येतो. हा तालुका आज वेगळा असला, तरी हीही मावळचीच माती. इथे मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं होती. टाटा पॉवर कंपनीनं धरणाचं काम हाती घेतलं, तेव्हा आधी शेतकऱ्यांना न विचारता चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, हजारावर मावळे स्त्री-पुरुष कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे नेते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. मोठ्या धरणाविरुद्ध झालेला हा जगातला पहिला संघटित सत्याग्रह मानला जातो.

सरकारनं कंपनीसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला, आणि इथेच शेताच्या भांडणाला राज्याच्या भांडणाचं रूप आलं. खासगी कंपनीच्या कामाला सार्वजनिक काम ठरवण्याचा अधिकार परक्या सरकारला कोणी दिला, असा प्रश्न उभा राहिला. चळवळीत फूटही पडली. अनेक जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांना मोबदला घेऊन मोकळं होण्यात रस होता. जे कसत होते त्यांच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. बापट तुरुंगात जात-येत राहिले. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी कामाची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये धरण पुरं झालं. लढा हरला, पण त्यानं बापटांना ‘सेनापती’ केलं. १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सत्याग्रहींना घेऊन पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले, आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले. गावाच्या जमिनीचा सत्याग्रह, परकी वसाहत हटवण्याचा सत्याग्रह आणि भाषिक राज्याचा लढा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सलग येतात. त्यांच्या लेखी त्या वेगळ्या नव्हत्या. ज्याला तोशीस लागणार, त्याचा शब्द आधी घ्यावा, ही तिन्हींमागची धारणा होती.

मावळची ही सगळी ठिकाणं पाहिल्यावर एक गोष्ट मला ठामपणे मांडावीशी वाटते. या खोऱ्यांतल्या माणसांनी राजा कोण असावा यावर क्वचितच भांडण केलं. क्षत्रप, सातवाहन, आदिलशाही, मोगल, पेशवे, कंपनी सरकार अशा सगळ्यांच्या सत्ता त्यांनी पाहिल्या. ज्यानं त्यांच्या हक्कांची बूज राखली, त्याच्यासाठी ते घरदार सोडून रानात गेले. ज्यानं राखली नाही, त्याच्याविरुद्ध त्यांनी शस्त्र घेतलं, आणि पुढे शस्त्राऐवजी सत्याग्रह हाती घेतला. स्थानिक आंदोलन म्हणजे राज्य फोडण्याची सुरुवात असते, असं मावळचा इतिहास सांगत नाही. त्याला वेळीच उत्तर दिलं तर राज्य घट्ट होतं, हेच तो पुन्हा पुन्हा दाखवतो.

आज राज्य आपलं आहे, म्हणून जबाबदारी वाढते. मुळशीच्या माणसांवर वापरला गेलेला १८९४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही सहासष्ट वर्षं चालू राहिला. १ जानेवारी २०१४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती त्यानं बंधनकारक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ही अट नाही. म्हणजे पवनेच्या जलवाहिनीसारख्या कामात विचारणं कायद्यानं सक्तीचं नाही. ते आपल्या सद्बुद्धीवर सोडलेलं आहे.

माझ्या घरचा नळ पवनेच्या पाण्यावर चालतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही. पिंपरी-चिंचवडला पाणी लागणार, ते वाढत्या प्रमाणात लागणार, आणि ते मावळातूनच येणार. म्हणूनच आम्ही शहरवासीयांनी आपल्या महापालिकेकडे आणि राज्य सरकारकडे चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. पवना धरणग्रस्तांचं राहिलेलं पुनर्वसन आधी पुरं करा. नदीत बारमाही किती पाणी सोडणार ते लेखी द्या. जलवाहिनीचा नकाशा मोजणीआधी काठावरच्या प्रत्येक ग्रामसभेत मांडा आणि तिचं म्हणणं नोंदवा. आणि शहरातल्या गळक्या नळांतून वाया जाणारं पाणी आधी वाचवा. ही मागणी मावळच्या शेतकऱ्यांनी पुष्कळ वर्षं एकट्यानं केली. आता ती पाणी पिणाऱ्यांनी करायची आहे.